शाई सुटली कुठून? बेदाण्याच्या पिशवीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा लहानसा कारखाना. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत, रसायनशास्त्र आहे तसंच ठेवलंय. सात-आठ माणसं, एक टीक्यू मशीन, तीन रंगांचं फ्लेक्सो छपाई मशीन आणि कटिंग-सीलिंगची दोन यंत्रं. टीक्यू म्हणजे वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा फुगा खाली ओढायचा आणि पाण्यानं एकदम गार करायचा. त्यामुळे पिशवी काचेसारखी स्वच्छ दिसते. बेदाणा विकणाऱ्याला हेच हवं असतं, कारण हिरवा रंग दिसला तरच भाव मिळतो.

मालक माझा जुना विद्यार्थी. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता अशा लहान कारखान्यांच्या अडचणी बघतो. मशीनवर तात्या. शिक्षण दहावी, पण रोलवर नुसता हात फिरवून फिल्म कुठे जाड, कुठे पातळ हे सांगणारा माणूस.

माल म्हणजे बेदाण्याच्या अर्ध्या किलोच्या छापील पिशव्या. पांढरा थर, त्यावर पिवळा, आणि हिरव्यात नाव, वजन, किंमत, परवाना क्रमांक. गिऱ्हाईक एक बेदाणा व्यापारी. तो पिशव्या भरून शीतगृहात ठेवायचा आणि मागणी येईल तशा बाहेर काढायचा. हे शेवटचं वाक्य मला पहिला दीड महिना माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तक्रार

जूनच्या सुरुवातीला मालकाचा फोन आला. "सर, शाई धरंना झालीया. नखानं ओढली की निघतीय."

मी छपाईच्या रोलवर सेलोटेप दाबून लावला, अंगठ्यानं चोळला आणि झटक्यात ओढला. टेप उजेडात धरला तर अर्धा हिरवा रंग त्यावर आलेला. चाचणी साधी आहे, छपाईवाले रोज करतात. पण रंग किती निघाला एवढंच बहुतेकजण बघतात. तो नेमका कुठून निघाला, हे कुणी बघत नाही. तेव्हा मीही बघितलं नाही.

काय बदललं होतं, ते विचारल्यावर कळलं. मे महिन्यात व्यापाऱ्याच्या गोदामातल्या बायकांनी तक्रार केली होती की पिशवीचं तोंड उघडत नाही, दोन पदर चिकटून बसतात. म्हणून तात्यांनी प्लास्टिकच्या दाण्यात स्लिप मास्टरबॅच, म्हणजे पदर एकमेकांवर घसरावेत म्हणून घालायचं द्रव्य, दुप्पट केला. शिवाय गर्दीमुळे फिल्मचे रोल छपाईआधी तीन-तीन आठवडे पडून राहिले होते.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. पॉलिप्रॉपिलीनची साखळी म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, दुसरं काही नाही. साखळीच्या आत अणू सहसंयुज बंधांनी बांधलेले. कार्बन-कार्बनचा एक बंध तोडायला मोलमागे साधारण ३४५ किलोजूल लागतात. पण साखळीच्या बाहेर, शेजारच्या रेणूसाठी तिच्याकडे व्हॅन डर वाल्स बलांपलीकडे, म्हणजे रेणूंमधल्या दुबळ्या ओढीपलीकडे, काही नाही. अशा पृष्ठभागाची ऊर्जा सेंटीमीटरला २९-३० डाईन भरते. पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या पुढे. म्हणून पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन बसतं, आणि शाईलाही धरायला काही सापडत नाही.

मालकाला हे समजावताना पाटी-खडू लागलाच नाही, त्याच्या घरची द्राक्षबाग आहे. द्राक्षावर मेणाचा थर असतो, पाणी त्यातून लवकर जात नाही. म्हणून बेदाणा करताना लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल घालून घड बुडवतात. डिपिंग ऑईल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. ते मेणात शिरतं, मेणाची रचना सैल करतं, आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. शेडमधला बेदाणा पंधरवड्यात तयार होतो तो त्यामुळे. तेल मेणाशी जमवून घेतं, पाणी घेत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पिशवीचा प्लास्टिकसुद्धा त्या मेणाचाच थोरला भाऊ.

शाईला धरायला जागा करून देण्याचं काम ट्रीटर करतो. फिल्म उच्च दाबाच्या विजेच्या निळसर ठिणगी-पडद्याखालून जाते. तिथे ओझोनचा उग्र वास येतो. साखळीवरचे काही हायड्रोजन उडतात आणि त्यांच्या जागी ऑक्सिजनचे गट येऊन बसतात. आता शाईतल्या पॉलिअमाइड राळेला हायड्रोजन बंधानं धरायला खुंट्या मिळतात. एकेक हायड्रोजन बंध वीसेक किलोजूलचा, म्हणजे सहसंयुज बंधापुढे किरकोळ, पण संख्येनं भरपूर.

स्लिप म्हणजे बहुतेक वेळा इरुकामाइड, २२ कार्बनांची शेपूट आणि टोकाला अमाइडचा गट. हा रेणू प्लास्टिकच्या आत रमत नाही. दिवसागणिक वर येतो आणि पृष्ठभागावर मेणासारखा पसरतो. तीन आठवडे पडलेल्या रोलवर खुंट्या होत्या, पण त्यांच्यावर चादर अंथरली गेली होती.

पहिला निर्णय: ट्रीटर वाढवा

त्या दिवशी समोर चार वाटा होत्या.

तात्यांचं म्हणणं, शाईत टोल्यूईन वाढवू, ते फिल्मला 'चावतं'. या चावण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. टोल्यूईनही हायड्रोकार्बन, पॉलिप्रॉपिलीनही हायड्रोकार्बन. पण नेहमीच्या तापमानाला ते फिल्म विरघळवत नाही, जरा फुगवतं इतकंच, आणि नंतर तिच्यात अडकून राहतं. पिशवीत बेदाणा जाणार आहे. अन्नाच्या वेष्टनावरच्या शाईसाठी आयएस १५४९५ हे मानक आहे. २०२० च्या सुधारणेत त्यातून टोल्यूईन बाद केलंय. हा पर्याय मी दोन मिनिटांत खोडला. मालक मात्र थोडा रेंगाळला, कारण तो सगळ्यात स्वस्त होता.

दुसरी वाट म्हणजे स्लिप पहिल्याइतकी कमी करणं. मग गोदामातल्या बायका पुन्हा बोलणार. तिसरी, दोन फिल्मांच्या मध्ये छपाई येईल असं लॅमिनेशन बाहेरून करून घेणं. तांत्रिकदृष्ट्या हे सगळ्यात पक्कं, कारण शाईला बाहेरचा हात लागतच नाही. पण बाहेरचा लॅमिनेशनवाला सांगतो तेवढा कमीत कमी माल या कारखान्याला वर्षभर पुरला असता.

चौथी वाट ट्रीटरची ताकद वाढवण्याची. खर्च शून्य, बटण फिरवलं की झालं. तात्यांनी ती जवळजवळ तिप्पट केली. डाईनच्या शाईनं मोजलं तर ४४ आलं. ही मोजणी सोपी आहे. ठरावीक पृष्ठताणाच्या द्रवाचा पट्टा ओढायचा, दोन सेकंद तो फुटून थेंब झाला नाही तर फिल्म त्या आकड्याला पास. आम्हाला ३८ पुरले असते. ४४ बघून तिघेही खूश झालो. टेप ओढला, रंग हलला नाही. मी फोनवरून "चालू द्या" म्हटलं.

या सगळ्या प्रकरणातली मोठी चूक ती हीच, आणि ती माझी.

दुसरी तक्रार

जुलैच्या मध्याला पिशव्यांची पोती परत आली. या वेळी मालक फोनवर बोलला नाही, थेट घरी आला. एक पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "बघा सर. वाळलेली असली तर काय होत नाही. ओली झाली की सोलून निघतीय."

तेव्हा शीतगृहाचा विषय पहिल्यांदा निघाला. साधारण चार अंशांतून काढलेली पिशवी पावसाळी हवेत आली की मिनिटभरात तिला घाम फुटतो. जुलैतल्या दमट हवेचा दवबिंदू वीस अंशांच्या वर असतो, पिशवी त्याच्या कितीतरी खाली. हमाल ओल्या पिशव्या उचलतो आणि किंमत, वजन, परवाना क्रमांक त्याच्या तळहाताला लागतात. दुकानदार असा माल घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मी फ्रीजमध्ये एक पिशवी अर्धा तास ठेवली, बाहेर काढली, घाम येऊ दिला आणि अंगठा घासला. 'बेदाणा' हा शब्द आख्खा सुटला. तुकडे नाहीत, भुगा नाही. सापाची कात निघावी तशी अक्षरांची पातळ कातडी बोटावर आली, मात्रेपासून कान्यापर्यंत सगळं शाबूत. खालची फिल्म लख्ख. कातडीची मागची बाजूही स्वच्छ.

पुरावा डोळ्यांसमोर होता. शाई आतून मजबूत होती, नाहीतर तिचा चुरा झाला असता. फिल्मही मजबूत होती. सुटलं ते दोहोंमधलं काहीतरी, आणि ते पाण्यात सुटलं.

नेमकं काय झालं होतं

पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनाला एक मिथाइल गट लटकलेला असतो. त्या कार्बनावरचा हायड्रोजन इतरांपेक्षा सहज निघतो. तो निघाला की साखळी तिथे जवळपास तुटायची शक्यता वाढते. पॉलिइथिलीनमध्ये अशा वेळी शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाण्याकडे कल असतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये कल तुटण्याकडे. म्हणजे ट्रीटर माफक असेल तर लांब साखळ्यांवर खुंट्या बसतात, आणि जास्त झाला तर खुंट्यांसकट साखळ्यांचे तुकडे पडतात.

हे तुकडे ऑक्सिजननं भरलेले, त्यामुळे डाईनची शाई त्यांच्यावर छान पसरते आणि आकडा ४४ दाखवते. पण ते आखूड आहेत. लांब साखळीची मुळं फिल्मच्या आत गुंतलेली असतात, वरची खुंटी ओढली तर साखळीचे सहसंयुज बंध ताण घेतात. आखूड तुकडा मात्र नुसता वर पडलेला, खालच्या फिल्मला व्हॅन डर वाल्स बलांनी कसाबसा टेकलेला. शाईनं त्याला घट्ट धरलं, पण त्याला कुणी धरलेलं नव्हतं. शेणानं नुकत्या सारवलेल्या भिंतीत खिळा ठोकावा तसं. खिळा सारवणात पक्का बसेल, पण सारवणच भिंत सोडेल.

कोरड्या हवेत हे चालून गेलं, टेपलाही पुरून उरलं. घाम आला तेव्हा पाण्याचे रेणू कडेनं आणि शाईच्या पातळ थरातूनही आत गेले. पाणी स्वतः हायड्रोजन बंधांचं सराईत गिऱ्हाईक. शाई आणि तुकडा यांच्यातल्या बंधांच्या जागा त्यानं घेतल्या, आणि ते तुकडे पाण्यात विरघळण्याइतके आखूड व ध्रुवीय होतेच. खालचा थर विरघळला, कातडी सुटली.

पडताळणी करायला दहा मिनिटं लागली. त्याच रोलची कोरी फिल्म घेतली. डाईन ४४. ओल्या कापसाचा बोळा हलक्या हातानं दोनदा फिरवला, वाळू दिली, परत मोजली. ३६. जुन्या सेटिंगवरच्या, ताज्या फिल्मवर हाच प्रयोग केला तर ३९ वरून ३८. तात्या म्हणाले, "म्हंजे आपुन धुळीवर छापत हुतो." मी वर अर्धं पान लिहिलं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

जाता जाता एक गोष्ट. डाईनची ही शाई फॉर्मामाइड आणि सेलोसॉल्व्हच्या मिश्रणाची असते. दोन्ही रसायनं गर्भवती स्त्रियांसाठी घातक. कारखान्यात ती बाटली चहाच्या कपांशेजारी उघडी असायची. तिथल्या तिथे तिला झाकण, वेगळं कपाट आणि हातमोजे आले. या प्रकरणाचा सगळ्यात लवकर झालेला फायदा हाच म्हणावा लागेल.

दुसऱ्यांदा पर्याय तोलताना

आता ट्रीटर खाली आणायचा हे उघड होतं. पण खाली आणला की पहिली तक्रार परत येणार, कारण स्लिप तिथेच होती. म्हणजे मुद्दा पुन्हा गोदामातल्या बायकांपाशी आला. पिशवीचं तोंड का उघडत नाही?

तीही रेणूंचीच ओढ. दोन गुळगुळीत पदर एकमेकांवर पडले की जवळजवळ सगळीकडे टेकतात, आणि व्हॅन डर वाल्स बलं इतक्या मोठ्या क्षेत्रावर मिळून बोटाला जाणवण्याइतकी होतात. स्लिप यावर उपाय करते ती मध्ये घसरता थर घालून. दुसरा उपाय म्हणजे पदरांना नीट टेकूच न देणं. त्यासाठी अँटीब्लॉक असतो, बारीक सिलिका. पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे येतात, पदर फक्त टेकड्यांवर टेकतात, आणि मध्ये हवा राहते. सिलिकाचा कण इरुकामाइडसारखा वर सरकत नाही, जिथे आहे तिथेच बसतो. छपाईला त्याचा त्रास जवळजवळ नाही.

मालकाची अडचण वेगळी होती. सिलिकानं फिल्म किंचित धूसर होते आणि त्याचा सगळा धंदा काचेसारख्या पिशवीवर. दोन घटकांची, आतल्या आत सहसंयुज बंधांनी जुळणारी शाई आणू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. तिनं शाई आणखी कणखर झाली असती, पण आमची शाई कणखर होतीच, सुटत होतं खालचं. शिवाय ती शाई कालवल्यावर काही तासांत संपवावी लागते, इतक्या लहान कारखान्यात निम्मी फेकली गेली असती.

काय केलं

स्लिप मेच्या आधीपेक्षाही थोडी कमी केली आणि अगदी थोडा अँटीब्लॉक घातला. धूसरपणा किती चालेल हे ठरवायला तीन प्रमाणांच्या पिशव्या बेदाणा भरून व्यापाऱ्यापुढे ठेवल्या, कोणती कुठली ते न सांगता. मधली त्यानं "ही चालंल" म्हणून उचलली.

ट्रीटर जुन्या सेटिंगच्या जरासाच वर ठेवला. तात्यांना हिशेब करायला शिकवला: वॉट भागिले फिल्मची रुंदी, वेग आणि बाजूंची संख्या यांचा गुणाकार. कारण मशीनचा वेग निम्मा केला आणि वॉट तेच ठेवले तर न कळत दुप्पट ट्रीटमेंट बसते. पूर्वी ते फक्त डायल बघत. टीक्यूची फिल्म पाण्यातून येते, म्हणून ट्रीटरआधी ती पूर्ण वाळतेय का, हेही बघायला लावलं. ओलसर हवेत हे सैल तुकडे जास्त तयार होतात, आणि आमचा सगळा घोळ पावसाळ्यातलाच.

फिल्म निघाल्यापासून दोन दिवसांत छपाई, असा नियम केला. रोलवर खडूनं तारीख लिहायची. पहिले पंधरा दिवस पाळला गेला, नंतर दोनदा मोडला. तिसऱ्यांदा मात्र तात्यांनी स्वतः जुना रोल बाजूला काढून कोऱ्या पिशव्यांसाठी वापरला.

आणि चाचण्या बदलल्या. टेप राहिला. डाईन मोजणी बोळा फिरवण्याआधी आणि नंतर, दोन्ही आकडे वहीत. शिवाय ऑफिसच्या छोट्या फ्रीजमध्ये रोज प्रत्येक रोलची एक पिशवी, अर्ध्या तासानं बाहेर काढून घाम आल्यावर अंगठा. फ्रीजमधलं ताक बाहेर ठेवावं लागतं म्हणून एकजण आठवडाभर कुरकुरत होता.

निष्पत्ती

ऑगस्टच्या शेवटी निघालेला माल शीतगृहात गेला आणि दिवाळीआधी बाहेर आला. हिरवी अक्षरं टिकली. परत आलेल्या जुन्या पिशव्यांचा भुर्दंड मालक आणि व्यापाऱ्यानं निम्मा-निम्मा सोसला. त्या वाटाघाटीत मी नव्हतो. व्यापाऱ्यानं पुढची ऑर्डर दिली, पण थोडा माल दुसऱ्या कारखान्याकडेही वळवला. तो अजून परत आलेला नाही. गोदामातल्या बायकांचं म्हणणं, पिशवी दुप्पट स्लिप होती तेव्हासारखी फटकन उघडत नाही, पण कोरड्या बोटानं उघडते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी पिशवी कुठे कुठे जाणार हे विचारायला हवं होतं. छपाई मशीनपासून दुकानापर्यंत तिचा प्रवास तात्यांना नाही तरी व्यापाऱ्याच्या हमालाला नक्की माहीत होता, आणि त्याला विचारायला एक फोन पुरला असता.

आकडा वाढला म्हणून पकड वाढली, असं मी धरून चाललो. डाईनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की वरच्या थरावर द्रव पसरतो. तो थर स्वतः कशाला बांधलेला आहे, यावर तो गप्प असतो. मी वर्गात तीस वर्षं मुलांना विचारत आलो की पाणी उकळताना कोणता बंध तुटतो, रेणूच्या आतला की रेणूंमधला. तोच प्रश्न जूनमध्ये टेपवरच्या शाईला विचारायचा राहिला.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करायला हवा होता. स्लिप, साठवणीचा काळ आणि ट्रीटर तिन्ही इतके एकात एक गुंतले की ऑगस्टमध्ये ते सुटे करायला आठ दिवस आणि बराच दाणा वाया गेला.

पिवळ्याचं काम अजून बाकी आहे. घाम आलेल्या पिशवीवर पिवळा रंग कधीकधी टेपबरोबर येतो, पण आता टेपखाली फिल्मवर पांढरा थर राहिलेला दिसतो. म्हणजे या वेळी फिल्मनं नाही सोडलं, शाईचे दोन थर एकमेकांपासून सुटले. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते, राळ त्या मानानं थोडी, म्हणून मला संशय पांढऱ्याचा आहे. तात्यांना मात्र वाटतं पांढरा पुरता वाळायच्या आत त्यावर पिवळा पडतोय. पुढच्या आठवड्यात वेग कमी करून बघणार आहोत. ट्रीटरचे वॉट त्या प्रमाणात खाली आणायचे, हे तात्यांनी आधीच वहीत लिहून ठेवलंय.